सावित्रीकांठचें पिवळें पाखरूं

महाडाहून पोलादपुराकडे निघालें म्हणजे सावित्री कधीं दिसते, कधीं झाडीआड होते. पुढें आंबेनळीचा घाट महाबळेश्वरास चढतो, आणि प्रवाशाची दृष्टि बहुधा तिकडेच लागलेली असते. वाचकांनीं मात्र भाद्रपदांत या खोऱ्यांतील भातखाचरांपाशीं क्षणभर थांबावें. वरच्या वरकस उतारांवर नाचणी व वरी. खालीं खाचरांतून भात पोटरींत आलेलें. या भातांतच एका लहानशा पतंगाचें बिऱ्हाड असतें.

त्याच्या अळीस शेतकरी खोडकिडा म्हणतात. मादी पिवळसर, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. पंख पसरले तरी रुंदी जेमतेम इंचभर. गणपतीसाठीं मुंबईहून घरीं आलेल्या मंडळींच्या ओटीवर दिव्याभोंवतीं जीं पाखरें घिरट्या घालतात, त्यांत ही सहज सांपडेल. १८६३ सालीं वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें शास्त्रीय गणनाम स्किर्पोफागा, म्हणजे लव्हाळे खाणारी. नांव कांहींहि असो, हिचा संसार भातावांचून चालत नाहीं. शेजारच्या नाचणीकडे ती ढुंकूनहि पाहत नाहीं!

पानाच्या शेंड्याशीं ती अंडीं घालते व आपल्याच अंगावरील पिंगट लव त्यांवर पांघरते. या मायेचें कौतुक वाटतें खरें. परंतु आठवड्याभरांत अळ्या निघतात आणि खोडांत शिरून आंतला गाभा खातात. रोप कोंवळें असेल तर मधला पोंगा सुकतो; हा गाभेमर. नवे फुटवे येऊन ती हानि थोडीबहुत भरून निघते. पण ओंबी निसवण्याच्या सुमारास अळी शिरली, तर भरून येण्यास वेळच उरत नाहीं. भरलेली ओंबी दाण्याच्या भारानें वांकते. ही मात्र पांढरीफटक, ताठ उभी राहते, आणि ओढली कीं अलगद हातांत येते. हीच पळींज. ज्या घरीं वर्षाचें एकच पीक यावयाचें, तेथील माणूस बांधावर उभा राहून अशा ओंब्या मोजूं लागला, म्हणजे तो पुढच्या पावसापर्यंतचे तांदूळच मोजत असतो.

कापणीनंतर अळी धसकटांत, मुळाशीं दडून राहते. म्हणून जमिनीलगत कापून धसकटें नांगरून काढलीं, तर तिचें घरच मोडतें. लावणीपूर्वीं रोपांचे शेंडे खुडले कीं अंडींहि जातात. त्यास विळ्यापलीकडे खर्च नाहीं. ट्रायकोग्रामा नांवाची, चिलटाहूनहि लहान अशी गांधीलमाशीची एक जात या पतंगाच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालते. तीहि आतां मुद्दाम वाढवून शेतांत सोडतात. जेथें उन्हाळ्यांतहि कालव्याच्या पाण्यावर भात होतें, तेथें मात्र या पाखराला पावसाची वाट पाहावी लागत नाहीं.