छपराचा हिशेब

कोकणातल्या एकमजली कौलारू घराला मागच्या अंगाने एखादी खोली जोडायची ठरते, तेव्हा चर्चा बहुधा तिच्या लांबी-रुंदीपासून सुरू होते. वस्तुतः त्यातील बरेचसे निर्णय छपराने आधीच घेऊन ठेवलेले असतात. मंगळुरी कौलांच्या छपराला साधारण 30 अंशांचा उतार द्यावा लागतो, कारण उतार कमी पडला की वाऱ्याने ढकललेले पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे आत शिरते. जुने पाखे, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, याच उतारावर पुढे वाढवले, तर दर फुटामागे वळचण सुमारे 7 इंचांनी खाली येते. वळचण मुळात 8 फुटांवर असेल, तर 10 फूट रुंदीच्या खोलीला बाहेरच्या कडेपाशी जेमतेम सव्वादोन फूट उंची उरते. जुन्या घरांच्या मागील पडव्या अरुंद आणि वाकून शिरण्याजोग्या का असत, हे या हिशेबावरून कळते. त्यात गवंड्याचा कंजूषपणा नव्हता.

पूर्ण उंचीची खोली हवी असल्यास तिचे आढे, म्हणजे छपराचा माथ्यावरचा आडवा वासा, जुन्या आढ्याशी काटकोनात घ्यावे लागते. मग दोन्ही छपरांची पाखी जिथे खोलगट भेटतात तिथे पन्हळ तयार होते आणि दोन्हींकडचे पाणी तिच्यातून वाहते. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक आणि बहुतांश जून ते सप्टेंबर याच काळात पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या भागात घर गळू लागले, तर पहिला संशय या पन्हळीवरच घ्यावा. तिचा पत्रा दोन्ही बाजूंच्या कौलांखाली भरपूर आत सरकवलेला असावा आणि फणसा-आंब्याची पाने काढायला तिच्यापर्यंत माणसाचा हात पोहोचावा. या कटकटीपेक्षा सरळ स्लॅब टाकावा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. परंतु कौलारू छपराचे सारे पाणी सपाट स्लॅबवर, तेही भिंतीलगत, उतरवणे हा त्याहून वाईट व्यवहार आहे.

भिंतींबाबत मतभेद कमी आहेत. मातीत किंवा चुन्यात रचलेली जांभ्याची जुनी भिंत खचायची तेवढी खचून स्थिरावलेली असते, तर नवी भिंत पहिल्या काही पावसाळ्यांत बसत जाते. म्हणून जुने चिरे उपसून नवी भिंत त्यांत गुंतवण्याऐवजी दोहोंमध्ये सरळ सांधा ठेवावा आणि तो वरून झाकावा, अन्यथा तडा स्वतःची वाट शोधतोच. नव्या पायाचा चर जुन्या पायाच्या तळाखाली जात असेल, तर तो सलग न खणता तुकड्यातुकड्याने खणून लगेच भरून काढावा.

नव्या खोलीमुळे आधीच्या खोलीची खिडकी बुजते, हे मात्र काम पुरे होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. माजघर अंधारते, स्वयंपाकघरातला धूर कोंडतो, आणि मग दोन-चार काचेची कौले बसवून समाधान मानले जाते.

घरमालकाच्या हाती बहुतेक वेळा केवळ आराखडा, म्हणजे वरून पाहिलेली खोल्यांची मांडणी असते, आणि उंचीचा प्रश्न त्यात दिसत नाही. तेव्हा चर खणण्यापूर्वी छेद, म्हणजे घर उभे कापल्यास दिसेल तसे चित्र, जुन्या वळचणीची उंची प्रत्यक्ष मोजून काढून घ्यावे.