पायरी उतरताना

पापडीहून रोज पहाटे सायकल काढायची, निर्मळ, आगाशी करत अर्नाळ्याचा समुद्र गाठायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं, असा बारा वर्षांचा नेम असलेले एक काका मनगटाचं प्लॅस्टर निघाल्यावर माझ्याकडे व्यायामासाठी आले. वय ६८. मी धरून चालले होते की सायकलवरूनच पडले असणार. "सायकलवरून नाही हो ताई, ओट्यावरून," ते म्हणाले. दुधाची पिशवी घेऊन घराच्या तीन पायऱ्या उतरत होते. शेवटच्या पायरीवर गुडघा मुडपला, तोल गेला, हात टेकला आणि हाड मोडलं. दुखण्यापेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट लागली होती. "रोज तीस किलोमीटर मारणारा माणूस मी. तीन पायऱ्यांनी पाडलं मला?"

वसईत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी निरनिराळ्या तोंडून ऐकला आहे. साठीनंतर सायकलकडे वळलेली माणसं आपल्याकडे खूप आहेत. चर्चगेटच्या लोकलमध्ये तीस-पस्तीस वर्षं लोंबकळून निवृत्त झाल्यावर त्यांना सकाळचा मोकळा रस्ता मिळतो, त्याचा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बघते. सायकल सोडा, असं मी कोणालाही सांगत नाही. किंग्ज कॉलेज लंडन आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ सायकलस्वार तपासले होते. वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या या मंडळींचे स्नायू वयाच्या मानाने उत्तम टिकले होते, रोगप्रतिकारशक्तीही तल्लख होती. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, तासाभरात २४ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं; दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, जवळपास २७. शंभरी उलटल्यावरही शरीर शिकतं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग काकांचा गुडघा का मुडपला?

पॅडल मारताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि पाय खाली रेटतो. पाय तळाला पोचला की त्याचं काम संपलं; पॅडलच त्याला पुन्हा वर आणून सोडतं. पायरी उतरताना गोष्ट उलटी होते. वरच्या पायाच्या त्याच स्नायूला सगळ्या शरीराचा भार पेलत, हळूहळू लांब होत, आपल्याला खाली सोडायचं असतं. आम्ही त्याला एक्सेंट्रिक काम म्हणतो. साध्या भाषेत, तो मांडीतला ब्रेक आहे. सायकल हा ब्रेक जवळजवळ वापरतच नाही. बारा वर्षं रोज तीस किलोमीटर करूनही काकांच्या मांडीला उतरण्याचा सराव नव्हता.

हाडांचंही तसंच. हाडाला भार लागतो, थोडा दणका लागतो, तेव्हा ते घट्ट राहतं. सायकलवर आपलं वजन सीट उचलते. अमेरिकेतल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीच्या आसपासच्या कसलेल्या पुरुष सायकलपटूंची कण्याची आणि खुब्याची हाडं व्यायामपटू नसलेल्या समवयस्कांपेक्षाही विरळ आढळली. पाळी गेल्यानंतर हाडं वेगाने झिजतात, त्यामुळे बायकांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं. "मग पोहतो की," असं अनेकजण म्हणतात. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पोहायला शिकलेली पिढी आहे ही. पोहणं छातीला, खांद्यांना छानच. पण पाण्यातही वजन आपण उचलत नाही, पाणी उचलतं.

एकाच व्यायामावर न थांबता निरनिराळे व्यायाम करणं म्हणजे क्रॉस ट्रेनिंग. आधीच्या पिढीला हा शब्द ठाऊक नव्हता. वाडीतला माणूस सायकलवरून भाजी घेऊन स्टेशनला जायचा, पण त्याआधी त्याने वाफ्यांना पाणी दिलेलं असायचं, केळीचे घड खांद्यावरून आणलेले असायचे, उकिडवं बसून तण काढलेलं असायचं. बायका डोक्यावर टोपली घेऊन जिने चढायच्या-उतरायच्या. त्या कष्टांचं मला गोडवे गाऊन कौतुक करायचं नाही. त्यात कितीजणांच्या कंबरा गेल्या, तेही मी पाहिलं आहे. पण सायकल हा त्यांच्या दिवसाचा एक तुकडा होता. आता वाड्या आटल्या, रहाट गेले, आणि तेवढा एक तुकडा उरला.

काकांना मी आठवड्यातले सायकलचे दोन दिवस मागितले. ते द्यायलाच त्यांना सगळ्यात जड गेलं. त्या दोन दिवसांत खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, चार आकडे मोजत सावकाश बसणं. दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन अंगणात फेऱ्या. हँडलवर वाकून पुढे आलेले खांदे मागे नेणारे व्यायाम. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब असेल तर अजिबात नाही. एका पायावर उभं राहणं मात्र रोज, दात घासताना, बेसिनला एक हात लावून. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही ६५ च्या पुढच्यांना हेच सांगते: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करा, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचाही. पहिलं आपली सायकलवाली मंडळी सहज पुरं करतात. उरलेलं कोणी मनावर घेत नाही.

राजोडीला किंवा कळंबला सायकल सुरूच्या झाडाला टेकवून ओल्या, घट्ट वाळूत वीस मिनिटं चालावं, असंही मी सुचवते. विरारच्या जीवदानी मंदिराच्या तेराशेहून जास्त पायऱ्या मात्र पहिल्याच महिन्यात नकोत. चढताना दम लागतो म्हणून लोक थांबतात. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबत नाहीत, आणि दोन दिवसांनी मांड्या धरून माझ्याकडे येतात. उतरण्याचं दुखणं असं उशिराच येतं. सुरुवात घरच्या एका पायरीवर, पाच वेळा, कठड्याला हात लावून करावी. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं, खड्डा दिसत नाही, सायकल आपोआप घरात राहते. ते चार महिने या व्यायामाला फार चांगले.

बारा आठवड्यांनी मी काकांच्या घरी गेले आणि ओट्याखाली उभी राहिले. हातात तीच दुधाची पिशवी, दुसरा हात कठड्याजवळ, पण कठड्याला लावलेला नाही. एक, दोन, तीन मोजत डावा पाय खालच्या पायरीवर आला, आधी चवडा, मग टाच. आवाज झाला नाही. उजवा पाय खाली येताना अजून धप्पकन पडतो. "पुन्हा करू?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वर चढले.