पीठावरील नावे

जबलपूरहून भेडाघाटला जाणारा प्रवासी बहुधा संगमरवरी कडे आणि धुवाँधार पाहून परततो. टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे मंदिर त्याच्या वाट्याला आलेच, तर दमल्या पायांनी. वास्तविक ‘शोधणे’ या क्रियेचा विचार करणाऱ्याने आधी येथे यावे. वर्तुळाकार प्राकार, त्याच्या आतून ओवऱ्यांची रांग, ओवरीओवरीत आसनस्थ मूर्ती आणि प्रांगणात गौरीशंकराचे देऊळ. कलचुरींच्या काळात, १०व्या शतकाच्या सुमारास उभ्या राहिलेल्या या वास्तूचे नाव ६४ योगिनींचे, पण येथील योगिनी ८१. नाव आणि वस्तू यांची फारकत उंबरठ्यापासूनच सुरू होते.

या वर्तुळात ‘कामदा’ हवी असेल तर ती कशी शोधावी? मोजीत जावे, तर वर्तुळाला आरंभ नसतो. शिवाय मध्येच एखादी मूर्ती हलवली गेली असेल तर पुढची सारी गणती चुकते. रूपावरून ओळखावे, तर बहुतेक मूर्ती भग्न. आणि रूप फसवतेही. महिषाचा वध करणारी देवी पाहून कोणीही ‘महिषासुरमर्दिनी’ म्हणेल. तिच्या पीठावर मात्र ‘श्रीतेरम्वा’ असे कोरलेले आहे. उरतो एकच मार्ग: वाकून पीठावरचे अक्षर वाचणे.

संगणकीय खेळ रचणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. युनिटीसारख्या प्रणालीत एका वस्तूच्या पोटी अनेक वस्तू असतात. त्यांना तेथे अपत्येच म्हणतात. क्रमांकाने मागितलेले अपत्य तत्काळ मिळते, पण भावंडांचा क्रम बदलला की त्याच क्रमांकावर भलतेच उभे राहते. नावाने मागावे, तर शोध पहिल्या पिढीपाशी थांबतो. नातवंड हवे असल्यास मधल्या पिढीच्या नावासकट वाट सांगावी लागते. (आपल्याकडे गावात घर विचारताना वेगळे काय होते?) अवघे दृश्य धुंडाळता येते, पण क्षणाक्षणाला तसे करणे ही उधळपट्टीच. जाणता रचनाकार एकदाच शोधतो आणि सापडल्याची खूण जवळ ठेवतो.

भेडाघाटची अशी खूण १९व्या शतकात कनिंगहॅम यांनी ठेवली. त्यांनी मूर्तींची नावांसह यादी केली. पुढे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या मराठी पंडिताने कलचुरी–चेदी कालगणनेच्या लेखांचा संग्रह १९५५ साली सिद्ध केला, तेव्हा या राजवटीचा सलग इतिहास अभ्यासकांच्या हाती आला.

तरीही अडचण संपत नाही. यंत्राला नाव जुळले की काम झाले. एकाच नावाची दोन अपत्ये असली तरी ते पहिले उचलून मोकळे होते. येथील कित्येक नावे मात्र योगिनींच्या प्रचलित नामावल्यांत आढळत नाहीत. श्रीतेरम्वा सापडते, तिची ओवरीही सापडते. तिला त्या नावाने कोण हाक मारीत होते, ते त्या अक्षरांत नाही.