ईसीएम बदलण्याआधी अर्थिंग मोजा

पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक बोटींची मासेमारीबंदी उठली, की मढच्या कोळीवाड्यात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या पिकअप पुन्हा रस्त्यावर येतात. समोर वर्सोवा दिसते, पण फेरीबोटीतून माणसे आणि दुचाक्या जातात. मासळीच्या गाडीला मार्वे रोडने मालाडचा वळसा घ्यावाच लागतो. वाटेत गाडी बंद पडली तर बर्फ वितळतो आणि मालाचा भाव उतरतो. अशा घाईत चांगला ईसीएम, म्हणजे इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक, ‘गेला’ म्हणून काढून टाकला जातो. मोटार वायरिंगच्या धंद्यात हे वारंवार पाहायला मिळते, म्हणून हा लेख.

जुन्या डिझेल गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर असे. आता इंजिनचा ईसीएम, मीटर, इमोबिलायझर हे सारे दोन वायरींच्या एकाच जोडीवर आपापसात बोलतात. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. बॉशने ती १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे जाहीर केली आणि १९९३ मध्ये ती आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि मासळी वाहणारी छोटी पिकअपही या दोन वायरींवर पुरती अवलंबून राहू लागली.

लाइन शांत असताना दोन्ही वायरींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. संदेश जाताना कॅन-हाय साडेतीनपर्यंत चढते, कॅन-लो दीडपर्यंत उतरते. ऐकणारा भाग फक्त या दोहोंतला फरक वाचतो. वायरींना पीळ असल्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो आणि फरकात तो उरत नाही. लाइनच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर असल्याने मल्टिमीटरवर ६० ओहम दिसायला हवेत.

मढच्या एका पिकअपचे उदाहरण सांगतो. सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन उचलत नव्हते. इग्निशन चालू केल्यावर स्कॅनर मीटरशी बोलायचा, ईसीएमशी नाही. मीटरमध्ये यू०१०० हा कोड होता, म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला. आधीच्या गॅरेजने नवा ईसीएम सुचवला होता आणि मालक खर्चाच्या आकड्याने हबकला होता. पण हा कोड एवढेच सांगतो की ईसीएमचा आवाज येत नाही. सभेला एखादा आला नाही म्हणजे तो आजारीच आहे असे नव्हे, त्याची वाटही अडलेली असू शकते.

बॅटरीची निगेटिव्ह काढून, थोडे थांबून, स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजले. ६० आले. या गाडीत एक रेझिस्टर ईसीएमच्या आतच असतो. म्हणजे लाइन ईसीएमपर्यंत धड पोहोचत होती. मग उरला ईसीएमचा सप्लाय आणि अर्थिंग.

इथे पुष्कळजण फसतात. अर्थची वायर ओहमवर मोजली तर ती निर्दोष दिसते. मल्टिमीटर अगदी क्षीण करंट सोडतो, त्याला तांब्याची एक तारही पुरते. ईसीएमला मात्र खरा करंट लागतो. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्यावा. बॅटरी पुन्हा जोडून, ईसीएमचा कपलर काढून, बल्बचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे कपलरमधल्या अर्थच्या पिनला लावावे. निरोगी वायरीवर तो लख्ख पेटतो. इथे तो मिणमिणला. वायर चेसिसपर्यंत शोधत गेलो. हौद्यातले बर्फाचे खारट पाणी नेमके अर्थच्या बोल्टवर ठिबकत होते. वरून इन्सुलेशन धड, आत तांबे हिरवे-काळे पडलेले. खारे पाणी तारांच्या फटींतून आत चढत जाते, म्हणून चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापावी लागली. नवा लग, घासून उघडा केलेला धातू, वरून ग्रीस. गाडी सुरू झाली, ईसीएम तोच राहिला.

आकडे वेगळे आले तर वाट वेगळी. १२० ओहम म्हणजे लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा एक रेझिस्टर सुटला आहे. शून्याच्या जवळ म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मग एकेक कपलर काढत जावे. जो काढताच ६० किंवा १२० येतात, तिथे शॉर्ट आहे. त्याआधी बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म काढून पाहावा, कारण कॅनच्या वायरी सोलून तिथे जोड दिलेला अनेकदा सापडतो.

वायरमन मित्रांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. तपासण्यासाठी वायरीत सुई टोचू नका. समुद्राकाठी ते भोक म्हणजे गंजाला दिलेले दार असते. कॅनची वायर जोडताना पीळ कायम ठेवा, सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा.

आणि गाडीमालकांनो, मासळी उतरवल्यावर हौद्याखालची चेसिस गोड्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा कपलरांवर मारू नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा. कोणी ईसीएम बदलायला सांगितला तर त्याला आधी विचारा, ‘सप्लाय आणि अर्थ लोडवर मोजलेत का?’ ते मोजल्याशिवाय नव्या ईसीएमचे पैसे देऊ नका.