नुसतं ‘छान’ नको

पोर्ट्रेट दाखवलं की घरचे ‘छान आलंय’ म्हणतात आणि विषय संपतो. अंगावर मूठभर मांस चढतं, हात मात्र तिथेच राहतो. आज एका जाणत्या छायाचित्रकार काकांना आजीचा फोटो दाखवला. त्यांनी आधी डोळे पाहिले. बुबुळात खिडकीचा उजेड नाही, म्हणून नजर विझलेली; फोकस चष्म्याच्या काडीवर. मग नाक. २८ मिमी लेन्स घेऊन अगदी जवळ गेलं की ते फुगणारच; ८५ मिमी लावून मागे सरलं की चेहरा प्रमाणात येतो. (करणी अंतराची, आळ मात्र लेन्सवर!) छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक चाळतानाही आता मी आधी उजेड कुठून आलाय तेच शोधते. फोटो दाखवताना ‘कसा वाटला?’ विचारू नका. ‘नजर कुठे अडखळते?’ असं विचारा.