कामणदुर्गाची चढण

वसई म्हटली की किल्ला, केळीच्या बागा आणि समुद्र एवढंच आपल्या डोळ्यांपुढं येतं. पण वसई-दिवा मार्गावरच्या कामण रोड स्टेशनात उतरलं, की 2,000 फुटांहून उंच असा कामणदुर्ग खुणावतो.

थंडीच्या दिवसांत आम्ही पाच मैत्रिणी पहाटेच निघालो. जंगलात ढोरवाटा फार, म्हणून पाड्यावरचे एक दादा वाटाडे म्हणून बरोबर घेतले. शेवटची चढण अगदी छातीवर येते. मुरमावर पाय ठरेना, तशा आमच्यातल्या पन्नाशीच्या वहिनी म्हणाल्या, "मी इथंच बसते गं, तुम्ही जाऊन या." पण रानात एकटीला सोडायचं कसं? मग दादा पुढं, वहिनी मधे, बाकीच्या मागं, अशा दर वीस पावलांवर दम खात सगळ्याच माथ्यावर पोचलो. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. खाली खाडी चकाकते आणि 1739 साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला वसईचा मुलूख नजरेत मावतो.

मैत्रिणींनो, जाणार असाल तर टाक्यांच्या भरवशावर राहू नका. माणशी तीन बाटल्या पाणी आणि गूळ-शेंगदाणे जवळ हवेतच. पायांत पकड असलेले बूट घाला आणि उजेड आहे तोवर पाड्यावर परत या.