एका मीटरची वाट

दूरच्या प्रवासाचे माप सहसा कोसांत किंवा तासांत केले जाते. पूर्णा जंक्शनवर मात्र ते दीर्घकाळ दोन रुळांमधील अंतराने ठरत असे.

इ. स. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद–मनमाड हा लोहमार्ग झाला. तो मीटरगेज होता. रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर. मनमाडला भेटणारा मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरांचा. फरक पुरता सव्वादोन फुटांचाही नव्हता. पण त्यापायी मुंबईकडे निघालेला माल मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. हमाली, तूट आणि खोळंबा जमेस धरूनच व्यापाऱ्याला भाव बांधावा लागे.

उत्तरेची अडचण निराळी होती. राजस्थान-माळव्याकडचा मार्गही मीटरगेजच, परंतु तो खंडव्यास येऊन थांबे आणि पूर्णेहून निघालेला फाटा हिंगोलीस संपे. १९६०च्या सुमारास अकोल्यामार्गे खंडवा–हिंगोली हा दुवा सांधला गेला आणि उत्तर व दक्षिणेची मीटरगेज जाळी एक झाली. पुढे काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेने धावू लागली. वाशीम, अकोला, खंडवा, इंदूर, रतलाम, चित्तोडगड, अजमेर अशी ती वाट होती. मेळघाटात धुळघाटाजवळ चढ चढताना गाडी प्रचंड वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे जाई.

दक्षिणेस हेच रूळ सिकंदराबाद, द्रोणाचलम, गुंटकल असे जात जात १९१४ साली खुल्या झालेल्या पांबनच्या पुलावरून धनुष्कोडीच्या धक्क्याला भिडत. तेथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. अजमेर आणि समुद्र एकाच मापाच्या रुळांनी जोडले गेले होते आणि पूर्णा त्या वाटेवर होती. हा योग फार काळ टिकला नाही. २२ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. एक पॅसेंजर गाडी प्रवाशांसह समुद्राने गिळली. ते बंदर पुन्हा उभे राहिले नाही.

उत्तरेची वाट मात्र चालू राहिली. मराठवाड्यात दुकान आणि मारवाडात मूळ गाव असलेल्या कुटुंबांना ती माहेरच्या वाटेसारखी होती. ट्रंक, होल्डॉल, खाकऱ्यांचे डबे आणि उकळून गार केलेले पाणी घेऊन माणसे निघत. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, म्हणून पुढचे मोठे स्थानक किती वाजता येणार याकडे घरातील वडीलधाऱ्यांचे लक्ष असे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू वाशीमला उतरत. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला गाडी न बदलता माहेरी येता येई, हा या वाटेचा खरा नफा होता.

पुढे रुळांचे रुंदीकरण झाले. १९९०च्या दशकात मनमाडकडील मार्ग ब्रॉडगेज झाला, मुंबई सरळ गाडीच्या टप्प्यात आली. २००८ साली पूर्णा–अकोला मार्गही रुंद झाला. पण अकोल्यापलीकडे मीटरगेजच राहिले आणि २०१७ साली मेळघाटातून जाणारी ती शेवटची गाडीही थांबली. एका दिशेचे दार उघडताना दुसरे मिटले.

ते दार पुन्हा उघडण्याची मागणी न्याय्यच आहे. जुनी वाट सर्वांत जवळची, हेही खरे. तथापि ती व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून जाते आणि रुंद रुळांवर वेगाने धावणारी गाडी वाघालाच काय, रूळ ओलांडणाऱ्या हरिणालाही वाचू देणार नाही. म्हणून नवा मार्ग जंगलाबाहेरून नेण्याचे ठरले. अंतर वाढेल, खर्च वाढेल. व्यापारी मन त्याची नोंद नावे बाजूलाच करील.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा तो स्वतः घालून घेतो, कारण त्या मर्यादेपलीकडच्या जीवांना त्याच्यापासून अभय मिळते. ज्यांना सरळ वाटेचा सर्वाधिक लाभ होणार होता, त्यांनीच हा वळसा आनंदाने पत्करावा, यात त्या व्रताचा अर्थ आहे. माहेरी पोहोचायला काही तास अधिक लागतील. पूर्वी दोन दिवस लागत, तरी माणसे पोहोचतच होती.